राजुरा–गडचांदूर–जिवती रस्ता : मधून भक्कम, कडेने अर्धवट

चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळच्या बामणी फाट्यावरून वर्धा नदी ओलांडून राजुरा, तिथून गडचांदूर आणि पुढे माणिकगडाच्या पहाडावर जिवती, असा हा रस्ता आहे. राजुरा ते गडचांदूर हा त्यातील तुकडा राष्ट्रीय महामार्ग 353 बी मध्ये मोडतो आणि हाच महामार्ग पुढे कोरपन्यावरून तेलंगणाच्या हद्दीकडे निघून जातो. रुंदीकरण आणि सिमेंटीकरण टप्प्याटप्प्याने सुरू झाल्यापासून या रस्त्याबद्दल दोनच तऱ्हेची मते ऐकू येतात. ट्रकवाले म्हणतात, झकास झाला. रस्त्याला लागून घरे-वावरे असलेले म्हणतात, आमची तर वाट लागली. दोघेही खरे बोलतात, फक्त दोघे रस्त्याच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलत असतात.

रस्त्याचे परीक्षण लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही. दहा रुपयांचा आलूबोंडा शिळा निघाला तर आपण चारचौघांत सांगून मोकळे होतो. ज्या रस्त्याचे पैसे करातून आणि पेट्रोलवरच्या अधिभारातून आपण आधीच मोजलेले असतात, त्याच्याबद्दल मात्र पानठेल्यावर कुरकुर करून गप्प बसतो. माझी नोकरी बांधकामाच्या कामांची मोजमाप पुस्तके भरण्यात गेली असल्यामुळे नवा रस्ता दिसला की माझी नजर आधी साइडपट्टीवर जाते आणि मग मधोमध. तरीही न्यायाने पाहता सुरुवात मधल्या भागापासून करायला हवी, कारण तो खरोखरच चांगला आहे.

त्याचे चांगले असणे ही साधी गोष्ट नाही. वर्धा खोऱ्यातील काळी माती कापसाला जितकी मानवते तितकीच रस्त्याला छळते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसती गिट्टी आणि डांबर अंथरले की दोन-तीन पावसाळ्यांत रस्त्याला लाटा येतात. त्यात या पट्ट्यातील वाहतूक हलकी नाही. राजुऱ्याच्या आसपास सास्ती, पोवनी, गोवरी, धोपटाळा येथे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी आहेत आणि गडचांदूर-कोरपन्याकडे चुनखडीवर उभे असलेले सिमेंट कारखाने आहेत. म्हणजे एका टोकाकडून कोळशाचे हायवा म्हणजे मोठे टिप्पर, दुसऱ्या टोकाकडून सुटे सिमेंट नेणारे टाकीचे ट्रक म्हणजे बल्कर, आणि दोघांच्या मधून कॉलेजला जाणारी पोरे.

भाराचा हिशेब येथे थोडा विस्ताराने मांडावा लागेल, कारण रस्ता का खचतो हे त्याशिवाय कळत नाही. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांची कायदेशीर भारमर्यादा वाढवली. चार टायरच्या एका आसावर (अॅक्सलवर) पूर्वी 10.2 टन भार चालत असे, तो 11.5 टन झाला. जोडआसावर 19 टनांऐवजी 21 टन झाला. ऐकायला ही वाढ किरकोळ वाटते. परंतु अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम चाचणीचे रस्ते बांधून आणि त्यांवर दिवसरात्र ट्रक फिरवून जे मोजमाप झाले, त्यातून असे दिसले होते की रस्त्याचे नुकसान आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. त्या हिशेबाने एका आसावरची ही सव्वा टनाची सूट रस्त्याचे नुकसान दीडपटीहून अधिक करते, आणि हे झाले कायद्यात बसणाऱ्या गाडीचे. काट्यावर एक वजन आणि रस्त्यावर दुसरे वजन अशी जी गाडी असते, तिचा हिशेब ज्याने त्याने मनात करावा. मोटारसायकलीने रस्ता झिजत नाही. तरीही खड्ड्यात पडतो तो मोटारसायकलवालाच.

म्हणून येथे सिमेंट काँक्रीटचा रस्ता करण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. खालची काळी माती काढून किंवा तिच्यावर मुरमाचा जाड थर दाबून, त्यावर कोरडे कमी सिमेंटचे काँक्रीट आणि सर्वांत वर मुख्य काँक्रीटची लादी, अशी ही रचना असते. डांबरी रस्ता भार एका जागी घेऊन खाली दाबतो, तर काँक्रीटची लादी तो आडवा पसरवते. त्यामुळे खालच्या मातीचे दोष बऱ्याच प्रमाणात झाकले जातात. डांबरी रस्ता पंधरा-वीस वर्षांच्या हिशेबाने आखतात, काँक्रीटचा तीस वर्षांच्या. लाद्यांमध्ये साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे कापलेले असतात आणि गाडी चालवताना टायरखाली त्यांचा ठेका ऐकू येतो. राजुऱ्याहून गडचांदूरकडे जाताना पूर्ण झालेल्या टप्प्यांवर हा ठेका बहुतेक ठिकाणी एकसारखा आहे, म्हणजेच लाद्या एकमेकींच्या वरखाली झालेल्या नाहीत. एवढ्या अवजड वाहतुकीखाली हे टिकणे ही कामाला दिलेली पावतीच समजावी. पूर्वी याच अंतरात पाठीचा मणका हलायचा आणि स्कूटरचे शॉकअप दर वर्षी बदलावे लागायचे. आता एसटी वेळेवर पोचते आणि राजुऱ्याच्या तहसीलीतले काम आटोपून माणूस दुपारच्या जेवणाला घरी येऊ शकतो. यातली एक गंमत म्हणजे, ज्या बल्करमुळे जुना रस्ता फुटला त्याच बल्करमधल्या मालाने नवा रस्ता होतो. गडचांदूरच्या दारातले सिमेंट गडचांदूरच्या रस्त्याला लागायला इतकी वर्षे का जावी लागली, हा प्रश्न येथे विचारून ठेवतो.

दोष सुरू होतो तो लादी संपते तिथे. माझ्या पाहण्यात एका गावाच्या वेशीजवळ काँक्रीटची कड आणि बाजूचा मुरूम यांत वीतभर उंचीचा फरक आहे. साइडपट्टीत मुरूम भरलेला होता, परंतु तो नीट दाबला गेला नव्हता. पहिल्या पावसाने धुऊन नेला आणि उरलेला हायवांच्या चाकांनी उडवला. आता समोरून दोन ट्रक एकमेकांना ओलांडू लागले की मोटारसायकलवाल्याला खाली उतरण्यावाचून गत्यंतर नसते, आणि खाली उतरायचे म्हणजे वीतभर कडेवरून तिरके घसरायचे. मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर लेकरू असेल तर ती आधीच गाडी थांबवायला लावते, उतरते, चालत पुढे येते आणि पुन्हा बसते. हे दृश्य त्या ठिकाणी इतके नेहमीचे झाले आहे की कोणी त्याकडे वळूनही पाहत नाही. साइडपट्टी लादीच्या पातळीला असली पाहिजे, हे रस्त्याच्या कामातले अगदी प्राथमिक कलम आहे. निविदेत ते असते, देयकातही ते असते, आणि जागेवर मात्र ते शोधावे लागते.

दुसरा दोष उंचीचा. रस्ता वर आला आणि घरे खाली राहिली. ज्यांच्या ओट्यावरून पूर्वी सरळ रस्त्यावर पाऊल पडायचे, त्यांना आता दगड-विटांच्या दोन पायऱ्या स्वतः रचाव्या लागल्या आहेत. यापेक्षा वाईट म्हणजे रस्त्याचे पाणी त्यांच्या अंगणात उतरते. नाली बांधली आहे, पण ती काही ठिकाणी सुरू होते आणि काही ठिकाणी नुसतीच संपते. संपते त्या जागी कोणाचे तरी वावर असते. सलग नसलेली नाली ही नाली नव्हे, ते लांबट खड्डे आहेत. पऱ्हाटीच्या शेतात आठवडाभर पाणी साचून राहिले की मुळे कुजतात आणि झाड उभ्याउभ्या सुकते, हे ज्याने कपाशी लावली आहे त्याला सांगायला नको. अशा शेतकऱ्याने दाद मागायची तर कोणाकडे, हेही स्पष्ट नाही. महामार्गाचे लोक म्हणतात नाली ग्रामपंचायतीच्या हद्दीत जाते. ग्रामपंचायत म्हणते रस्ता आमचा नाही.

बंडीचा विचार आराखडा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येऊ लागला की रस्त्याच्या एका बाजूचे वावर आणि दुसऱ्या बाजूचे घर यांच्यामध्ये बैलबंड्यांची ये-जा असते. गावातल्या भागात दुभाजक घातला आहे आणि त्यातली मोकळी जागा गावाच्या पांदणीसमोर, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेसमोर, न येता पुढे कुठेतरी येते, त्यामुळे बंडी उलट्या बाजूने हाकत न्यावी लागते. रात्री बंडीला दिवा नसतो आणि बल्करला घाई असते. तेव्हा रस्ता आखण्यापूर्वी गावातल्या एखाद्या जाणत्याला सोबत घेऊन पांदणी कुठे मिळतात एवढे जरी पाहिले असते, तर खर्च वाढला नसता.

धुळीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्याबद्दल सगळेच बोलतात. काँक्रीटवर धूळ निर्माण होत नाही, ती वाहून आणली जाते. कोळशाच्या गाडीवर ताडपत्री नीट बांधलेली नसली आणि खाणीच्या तोंडाशी चाके धुतली गेली नाहीत, की काळा भुगा रस्त्यावर येतो आणि मागून येणारी प्रत्येक गाडी तो पुन्हा उडवते. रस्त्याकडेच्या पहिल्या चार-सहा तासांतला, म्हणजे ओळींतला, कापूस वेचताना बायकांची बोटे काळी होतात आणि तो कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधावा लागतो, कारण पांढऱ्यात मिसळला तर व्यापारी सगळ्याचाच भाव पाडतो. याचा दोष रस्त्याला देता येणार नाही. परंतु रस्ता चांगला झाल्यामुळे गाड्या वाढल्या आणि गाड्या वाढल्यामुळे काळा कापूस वाढला, हेही तितकेच खरे आहे.

बामणी आणि राजुरा यांच्यामधला वर्धेचा पूल हा या मार्गाचा सर्वांत कच्चा दुवा आहे. नदीला मोठा पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि राजुरा तालुका, त्याच्यामागचा कोरपना आणि जिवती, यांचा बल्लारपूर-चंद्रपूरशी थेट संबंध तुटतो. तीस वर्षे टिकणारी लादी घातली आणि तिच्या तोंडाशीच वाट पाण्याखाली जात असेल, तर पावसाळ्यातल्या त्या दिवसांत त्या लादीचा उपयोग राजुऱ्याच्या आतल्या आत फिरण्यापुरताच उरतो.

या पट्ट्यातील जमिनीबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. येथे उघड्या खाणींच्या आधी भूमिगत खाणी होत्या. वरोऱ्याची सरकारी खाण 1871 मध्ये सुरू होऊन 1906 मध्ये बंद पडली. त्यानंतर बल्लारपूर, सास्ती, घुग्घुस असे करत जमिनीच्या पोटात बोगदे वाढत गेले. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वस्तीतले एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले आणि शेजारच्या कुटुंबांना तातडीने हलवावे लागले. खाली जुनी भूमिगत खाण होती. अशा भागात रस्ता रुंद करताना खाणीचे जुने नकाशे समोर ठेवून, शंका असेल तिथे छिद्रे घेऊन जमीन तपासावी लागते, आणि तशी तपासणी झाली असेल तर तिचे निष्कर्ष गावाच्या चावडीवर लावायला काहीच हरकत नसावी. लोकांना लादीची जाडी किती आहे यापेक्षा तिच्या खाली काय आहे हे जाणून घेण्यात अधिक रस आहे.

गडचांदूर सोडले, अमलनाला धरणाचा परिसर मागे पडला, की रस्त्याचा स्वभाव पालटतो. राजुऱ्याकडे क्षितिजावर जे डोंगर दिसतात ते खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे असतात. येथून पुढचा पहाड मात्र खरा आहे. साग, बांबू, मधूनच मोहाचे झाड, आणि वळणे. जिवती तालुक्यात गोंड आणि कोलाम वस्त्या जुन्या आहेत, आणि 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांनीही येथे पहाड फोडून शेती केली. याच तालुक्यातील 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. दोन राज्ये हक्क सांगतात म्हणून रस्ता दुप्पट चांगला होत नाही, एवढे येथे नोंदवतो.

सपाटीवरच्या रस्त्याचा शत्रू भार, तर पहाडावरच्या रस्त्याचा शत्रू पाणी. घाटरस्त्याचा उतार डोंगराच्या बाजूला ठेवायचा, पाणी आतल्या नालीत घ्यायचे, नाली मोरीपर्यंत, म्हणजे रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या वाटेपर्यंत, न्यायची आणि मोरीतून ते दरीकडे सोडायचे, एवढ्या एका साखळीवर घाटाचे आयुष्य अवलंबून असते. जिवतीच्या वाटेवर डांबरीकरण नवे आणि गुळगुळीत आहे, वळणांवर थोडी रुंदीही वाढवली आहे आणि दरीकडच्या बाजूला काही ठिकाणी कठडे आले आहेत. ही सुधारणा मनापासून मान्य केली पाहिजे. परंतु डोंगर कापून रुंदी काढल्यावर जो उघडा पडलेला काठ राहतो, त्याला ना दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) आहे ना गवताची लागवड. श्रावणात त्याची माती आतल्या नालीत बसते, नाली तुंबते, पाणी रस्त्याच्या अंगावरून आडवे जाते आणि डांबराच्या कडा खायला लागते. मी पाहिलेल्या एका मोरीचे तोंड मातीने निम्म्याहून अधिक बुजले होते आणि तिच्या वरच डांबराला पहिली चीर गेलेली होती. ती चीर दोन बोटे रुंद होती. एक फावडे आणि दोन मजूर यांचे एका सकाळचे काम टळले म्हणून पुढे तेवढा तुकडा उखडून नव्याने करावा लागणार आहे. बांधकामाच्या धंद्यात याला देखभाल दुरुस्ती म्हणतात आणि तिला पैसे कधीच नसतात.

एवढे असूनही पहाडावर या रस्त्याचे मोल सपाटीपेक्षा अधिक आहे. जिवतीहून अवघडलेली बाई खाली आणायची असेल तर आधी गडचांदूर, मग राजुरा आणि गरज पडल्यास चंद्रपूरचे वैद्यकीय महाविद्यालय, असा तो प्रवास असतो. पूर्वी रुग्णवाहिकेच्या चालकाला वेग आणि धक्के यांच्यातून निवड करावी लागे. आता ती निवड राजुऱ्यापर्यंत तरी करावी लागत नाही. रस्त्याबद्दल मी वर जे कडू लिहिले आहे ते सर्व या एका वाक्यासमोर ठेवून वाचावे, अशी विनंती आहे.

डोंगराळ कोळसा पट्ट्यांत महामार्ग नेण्याचा विचार आपल्याआधी इतरांनीही केला आहे. अमेरिकेच्या अॅपलेशियन डोंगररांगांत कोळसा खूप आणि गरिबीही खूप, अशी स्थिती असताना तेथे 1965 मध्ये खास कायदा करून या प्रदेशासाठी महामार्गांचे जाळे हाती घेण्यात आले. त्या कायद्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की मोठ्या महामार्गांबरोबरच वस्त्या, शाळा, उद्योगाच्या जागा यांना जोडणारे छोटे पोचरस्तेही त्याच योजनेत धरलेले होते. मोठा रस्ता एका खात्याचा आणि त्याला मिळणारी पांदण कोणाचीच नाही, अशी आपल्यासारखी वाटणी तेथे निदान कागदावर तरी नव्हती.

पैसे नाहीत हे उत्तर येथे पटण्यासारखे नाही. 2015 मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) 30 टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांकडून 10 टक्के एवढी रक्कम त्यात जमा होते, आणि ती खाणबाधित गावांवरच खर्च करायची असते. कोळसा, चुनखडी दोन्ही ज्या जिल्ह्यात निघतात त्या चंद्रपूरला हा निधी कमी पडू नये. दाबलेली साइडपट्टी, सलग नाली, पांदणीसमोर दुभाजकातली मोकळी जागा, एसटी थांबेल अशी लादीबाहेरची जागा आणि तिच्यावर छप्पर, ही कामे त्या निधीच्या मानाने किरकोळ आहेत. छपराचा मुद्दा मुद्दाम लिहितो. रस्ता रुंद करताना जुने प्रवासी निवारे आणि त्यांच्यामागची कडुनिंब-चिंचेची झाडे दोन्ही गेली. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि तेव्हा पांढऱ्या काँक्रीटच्या कडेला उभे राहून एसटीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सावली म्हणून विजेच्या खांबाचा आडोसा धरावा लागतो.

बाकी किरकोळ बाबी अशा की दिशादर्शक फलक स्पष्ट आहेत, रात्री चमकणारे खुणेचे दिवे बहुतेक वळणांवर आहेत आणि गतिरोधकांवर पांढरे पट्टे मारलेले आहेत, पण ते पुसट होत चालले आहेत. काम अर्धवट असलेल्या ठिकाणी वळणरस्त्याची सूचना फार उशिरा दिसते. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, आणि तक्रारीचा क्रमांक लिहिलेला फलक एका ठिकाणी दिसला. क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांवर कोणीतरी शिकवणीची जाहिरात चिकटवलेली आहे.

गुण द्यायचेच झाले तर लादीला पाचपैकी साडेचार, घाटातल्या डांबराला साडेतीन, नाल्यांना दीड आणि साइडपट्टीला एक. चारचाकीने जाणाऱ्याने हा रस्ता बेलाशक धरावा. दुचाकीने जाणाऱ्याने राजुरा ते गडचांदूर हे अंतर शक्यतो उजेडात कापावे, समोरून दोन अवजड गाड्या एकमेकांना ओलांडताना दिसल्या की कडेवर उतरण्याऐवजी आधीच वेग कमी करावा, आणि पहाडावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. पावसाळ्यात बल्लारपूरकडून निघण्यापूर्वी वर्धेच्या पुलाची चौकशी बामणी फाट्यावरच करून घ्यावी. तिथल्या चहावाल्यांना पाण्याची खबर सर्वांत आधी असते.